त्याचं पंधरावं वर्ष

मोठा आजार माणसाकडून काय काय नेतो ते सगळ्यांना दिसतं. वजन जातं, केस जातात, झोप जाते, घरातलं किडूकमिडूक सोनं गहाण पडतं. पंधरा वर्षांच्या मुलाचं मात्र सगळ्यात आधी वय जातं. चार दिवसांत तो तान्हा होतो, कारण त्याला भरवावं लागतं, अंग पुसून द्यावं लागतं, उशाशी भांडं ठेवावं लागतं. नाहीतर म्हातारा होतो, कारण त्याला जिना चढवत नाही आणि बोलता बोलता धाप लागते. आरशासमोर उगाच उभं राहायचं, मित्राच्या सायकलवर डबलसीट हिंडायचं, आईला उलट बोलायचं, असलं जे त्याचं स्वतःचं वय असतं ते कुठल्याच खाटेवर मावत नाही. माझ्या धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा हे मी जवळून पाहिलं. तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की आहे. आजार डॉक्टरांनी बघायचा, जीव आई-वडिलांनी जपायचा आणि आजारी पोराचं वय भावंडानं सांभाळायचं.

आमचं गाव मानवतच्या बाजूला. घरी कापूस, सोयाबीन आणि दावणीला म्हशी. मी परभणीला कृषी विद्यापीठात शिकत होते, माझा भाऊ भैय्या दहावीत होता. त्याचा ताप उतरेना, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, मांड्यांवर मार लागल्यासारखे काळेनिळे डाग उठले. परभणीत रक्त तपासल्यावर डॉक्टरांनी आबांना, आमच्या वडिलांना, बाजूला घेतलं. पुढचा रस्ता मराठवाड्यातल्या अनेक घरांना पाठ आहे. संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, नाहीतर रात्रीची देवगिरी धरून मुंबई, दादरला उतरून परळ. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून तिथं उभं आहे आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आपल्याकडची बोली कानावर पडते. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत स्लीपरचं भाडं पडत नाही, सोबत्याला पाऊण भाडं माफ असतं. महात्मा फुले जन आरोग्य योजना ज्या १४ जिल्ह्यांत पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांनाही लागू केली, त्यांत परभणी आहे. शेतकरी आत्महत्यांचे म्हणून निवडलेले ते जिल्हे. त्या यादीत आपला जिल्हा असल्याचं दुःख आणि त्याच यादीचा आधार, आबांनी दोन्ही एकाच अर्जावर सही करताना सोसलं.

भरती केल्यावर सुरुवातीला भैय्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. "रक्त कमी झालंय, भरलं की घरी जाऊ," एवढंच. भेटायला येणारे दारातच डोळे पुसून आत यायचे आणि आत आल्यावर पुन्हा रडायचे. एका दुपारी आई खाली औषध आणायला गेली होती. तो म्हणाला, "अक्का, खरं सांग. समदे कामून रडायलेत?" त्याच्या हातात मोबाईल होता. वॉर्डच्या दारावरची पाटी त्याला वाचता येत होती. खोटं सांगणाऱ्यांच्या घोळक्यात तो एकटा पडला होता, हे मला त्याच्या आवाजात ऐकू आलं. मी डॉक्टरांना विचारलं, आई-आबांना तयार केलं, आणि डॉक्टरांनी त्याच्या समोर बसून केसपेपरच्या पाठीमागं पेनानं गोल गोल काढून त्याला सगळं समजावलं. हाडाच्या आतल्या मगजात रक्त तयार होतं. तिथं कच्च्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्यात, त्यामुळं बाकीच्यांना जागा उरली नाही. औषध दोन ते अडीच वर्षं चालेल. पहिले काही महिने कठीण, मग गोळ्यांवर. त्यानं विचारलेला पहिला प्रश्न होता, "दहावीचं काय?" डॉक्टर हसले नाहीत. "या मार्चला जमणार नाही. पण दहावी होईल," म्हणाले. त्या दिवशी तो बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला. किशोरवयातल्या मुलापासून त्याचंच आजारपण लपवलं की त्याला भीती तर वाटतेच, वर ती कुणाला सांगताही येत नाही. खरं कळलं की भीती वाटून घ्यायला माणूस मिळतं.

मग औषधांची नावं आमच्या घरात शिरली. एक इंजेक्शन लाल रंगाचं, त्यानं लघवीही लाल व्हायची. एक पाठीच्या मणक्यात द्यायचं, त्यासाठी गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर निपचित पडून राहायचं. एक होतं व्हिन्क्रिस्टिन. त्यानं जबडा दुखायचा, पोट बांधलं जायचं, पायाच्या बोटांना मुंग्या यायच्या. हे औषध सदाफुलीपासून काढतात, हे मला विद्यापीठात शिकताना कळलं होतं. आमच्या दारात तुळशीशेजारी सदाफुलीच आहे. गावाकडून कुणीतरी तिचा काढा द्यायचा सल्ला आधीच पाठवला होता. मी भैय्याला सांगितलं की एका ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात, ते शुद्ध करावं लागतं, थेंबाच्या हिशेबानं मोजून द्यावं लागतं, आणि ती पानं तशीच पोटात घातली तर विष आहे. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी रोज शाळेत जाताना तिच्यावर दप्तर आपटायचो, ती हीच?" पुढं आईला फोनवरून सदाफुलीला पाणी घालायची आठवण तो स्वतः करून देऊ लागला.

पाठीतल्या इंजेक्शनची, मेथोट्रेक्सेटची, गोष्टही मी त्याला सांगितली. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ चा, आंध्रातल्या भीमावरमचा. तरुणपणी त्यांचे दोन भाऊ काही दिवसांच्या अंतरानं स्प्रू या आतड्याच्या आजारानं गेले. सुब्बाराव मद्रासला डॉक्टर झाले, मग अमेरिकेला गेले आणि पुढं त्यांच्या देखरेखीखालच्या गटानं फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केलं. त्यांच्या भावांना ज्या आजारानं नेलं, त्यावरच ते औषध ठरलं. मग बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांच्या लक्षात आलं की रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींना हेच फॉलिक ॲसिड खाद्यासारखं लागतं. सुब्बारावांच्या गटानं त्या खाद्यासारखंच दिसणारं पण पेशींची वाढ अडवणारं औषध बनवलं. फार्बर यांनी १९४८ मध्ये लिहिलं की १६ मुलांना ते दिलं आणि १० मुलांचा आजार काही काळ मागं हटला. तोपर्यंत या आजारात मुलं वाचवायला हातात काहीच नव्हतं. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आज माझ्या भावाच्या पाठीत जात होतं. भैय्यानं विचारलं, "त्यांचे भाऊ गेले नसते तर त्यांनी हे काढलं असतं का गं?" मला उत्तर देता आलं नाही. दोन भाऊ गमावलेल्या माणसाचं काम माझ्या भावाच्या कामी येत होतं, एवढंच मला कळत होतं. अजूनही ते नाव वाचलं की माझे हात आपोआप जुळतात.

औषध चढू लागलं तसे केस गेले. त्याचं फार दुःख त्यानं केलं नाही, वॉर्डात सगळीच पोरं तशी होती. पण नुकतं फुटलेलं मिसरूड गेलं तेव्हा त्यानं तोंडावर पांघरूण घेतलं. मास्क काढायलाही तो तयार होईना. आईला कळेना, केसांचं वाटलं नाही आणि ओठावरच्या चार काळ्या लवींचं काय एवढं? मला कळलं. शाळेत मित्रांनी त्या मिसरुडाची दखल घेतली होती. मोठं झाल्याची तीच एक खूण त्याच्याजवळ होती. अंघोळीचंही तसंच. आईनं, मी अंग पुसून द्यावं हे त्याला असह्य व्हायचं आणि आजारी लेकरानं कसली लाज धरायची असं सगळे म्हणायचे. पंधरा वर्षांच्या मुलाची लाज आजारी पडत नाही. मी आबांना सांगून चुलतभावाला बोलावून घेतलं. तो आला, पडदा ओढला, आणि आत दोघांचं काहीतरी हलक्या आवाजात बोलणं सुरू झालं. बाहेर आल्यावर भैय्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता. ते नुसतं पाण्यानं झालेलं नव्हतं.

स्टिरॉइडच्या गोळ्यांनी त्याला अवेळी भूक लागायची. रात्री दोन वाजता पिठलं-भाकरी पाहिजे असायची, ती मिळाली की नको असायची. राग नाकावर. एका रात्री चार्जरवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. तो बोलला, मी बोलले, त्यानं उशी फेकली. आई उठून मला म्हणाली, "आजारी लेकराशी भांडतीस व्हय गं?" मी गप्प होणार तोच भैय्या म्हणाला, "माय, तू मधी पडू नको. आमचं चालू दे." तो हसत होता. भरती झाल्यापासून त्याच्याशी कुणी भांडलंच नव्हतं. जो तो त्याचं ऐकत होता, जो तो त्याला जपून बोलत होता. सतत जपलं गेलेलं माणूस हळूहळू आपण संपलो असं समजू लागतं. भांडताना समोरच्याला आपण बरोबरीचं धरतो, उद्याही तो आपल्याशी बोलायला असणार हे धरून चालतो. त्या रात्रीनंतर मी ठरवून त्याच्याशी नेहमीसारखी वागू लागले. चिडायची वेळ आली की चिडायचे. फक्त त्याचे काउंट खाली असले, ताप असला, की शब्द आवरते घ्यायचे.

काउंट आणि ताप, हे दोन शब्द आमच्या दिवसांवर राज्य करत होते. पांढऱ्या पेशी उतरल्या की साधा जंतूही जिवावर बेततो, म्हणून थर्मामीटर १०० च्या वर सरकला की वेळ न बघता दवाखाना गाठायचा. प्लेटलेट उतरल्या की नाकातून रक्त. प्लेटलेटची पिशवी पाच दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही, त्यामुळं साठवून ठेवायची सोय नाही. देणारा माणूस ताजाच लागतो. पुढच्या काळात उपचार संभाजीनगरला सुरू झाले तेव्हा भैय्याच्या वर्गातली पोरं रेल्वेनं आली, रक्त द्यायला. रक्तपेढीनं त्यांना परत फिरवलं, कारण अठरा वर्षं पूर्ण असावी लागतात. ती पोरं हिरमुसली होऊन आली. मी त्यांना म्हटलं, "तुमचं रक्त नको, पण शाळेतलं सगळं सांगा त्याला. कोण कुणाशी बोलत नाही, कोण मास्तरांच्या हाती सापडलं, सगळं." तोंडाला मास्क लावून, लांब बसून ती पोरं बोलत राहिली. मोठ्या माणसांनी दिलेल्या पिशव्यांनी त्याचा जीव टिकला. या पोरांनी त्याला दहावी ब मध्ये परत नेलं.

एका टप्प्यावर डॉक्टरांनी माझी तपासणी करायला सांगितली. आजार औषधांना हवा तितक्या लवकर दाद देत नव्हता आणि मगज बदलायची वेळ आलीच तर तयारी असावी म्हणून. सहाव्या गुणसूत्रावरच्या काही खुणा आईकडून अर्ध्या, वडिलांकडून अर्ध्या येतात. सख्ख्या भावंडांच्या त्या पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. अहवाल यायच्या आधी मी भावंडांनी भावंडांना वाचवल्याच्या गोष्टी वाचत होते. बोस्टनमध्ये २३ डिसेंबर १९५४ ला रोनाल्ड हेरिकनं आपली किडनी जुळ्या भावाला, रिचर्डला दिली आणि रिचर्ड पुढं आठ वर्षं जगला. ती शस्त्रक्रिया करणारे डॉ. जोसेफ मरे आणि मगज बदलण्याचं शास्त्र उभं करणारे डॉ. डोनॉल थॉमस यांना १९९० चं नोबेल एकत्र मिळालं. परळच्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाचा मगज देण्यात आला. डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलेलं ते आपल्या देशातलं पहिलं यशस्वी मगज प्रत्यारोपण.  तो देणारा भाऊ कोण, पुढं काय झाला, हे मला ठाऊक नाही. पण त्याची मला फार आठवण यायची. आपणही त्याच्यासारखं काही देऊ, असं मनात धरून मी अहवालाची वाट पाहिली.

माझा मगज अर्धाच जुळला. नंतर भैय्याच्या तपासण्या साफ येऊ लागल्या, मगज बदलावा लागला नाही, औषधांवरच निभावलं. पण त्या अहवालाच्या संध्याकाळी मी बाहेर कट्ट्यावर बसून खूप विचार केला. चारात एकाच भावंडाचा मगज पूर्ण जुळतो. उरलेल्या तिघांनी काय करायचं? इतिहास देणाऱ्यांचा लिहिला जातो आणि तो लिहिला गेलाच पाहिजे. पण दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेली बहुतेक भावंडं उरलेल्या तिघांतली असतात. त्यांच्या हाती असते फाइल, पाण्याची बाटली आणि वेळ. एसटी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून आपण आपल्या माणसाची जागा धरतो, तसं त्यांना एवढंच करता येतं. आजार संपवून हे पोर परत येईल तेव्हा त्याच्या वयाची जागा कुणी बळकावलेली नसावी, याची राखण.

ती राखण सोपी नसते. मधल्या काळात एकदा भैय्यानं बोलणंच सोडलं. भिंतीकडं तोंड, हाक मारली तर डोळेही उघडायचा नाही. वारकरी घरातल्या मुलीला अशा वेळी मुक्ताबाई आठवल्याशिवाय राहत नाही. ज्ञानदेव लोकांच्या बोलण्यानं दुखावून दार लावून बसले तेव्हा दाराबाहेर बसून त्यांची समजूत काढणारी ही सगळ्यात धाकटी बहीण. त्या भावंडांच्या आपेगावची गोदावरीच पुढं आमच्या पाथरी-गंगाखेडकडं येते. मुक्ताबाईंची वाणी माझ्याजवळ नव्हती. पण दाराबाहेर बसून राहणं जमण्यासारखं होतं. मी त्याच्या खाटेपाशी बसून रोजचा पेपर वाचायचे. डिसेंबर होता. परभणीची थंडी मराठवाड्यात नावाजलेली, विद्यापीठाच्या वेधशाळेनं नोंदवलेला पारा रोज छापून यायचा. मी तो आकडा मोठ्यानं वाचायचे आणि पुढच्या बातमीकडं जायचे. काही दिवसांनी भिंतीकडून आवाज आला, "काल यापेक्षा कमी होता ना?" तेवढ्यावर मी समाधान मानलं. फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांचा उरूस भरला. गर्दीत जायची त्याला मनाई होती. आकाशपाळण्यात बसून मित्रानं मोबाईलवरून त्याला खाली पसरलेलं अख्खं परभणी दाखवलं, आणि भैय्या त्याच्यावर ओरडत होता, "मोबाईल नीट धर ना रे!"

या सगळ्यात आजारी नसलेल्या भावंडाकडं बघायला कुणाला सवड नसते. मला ती सवड कुणी द्यावी असं तेव्हा वाटलंही नाही. पण आता वाटतं. मुलांच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये मनाच्या आधारासाठी १५ निकष ठरवले, त्यातला एक निकष फक्त भावंडांसाठी आहे. आजारी मुलाची भावंडंही मनानं धोक्यात असतात आणि त्यांना आधार मिळाला पाहिजे, असं तो सांगतो. श्रीमंत देशांत लिहिलेला तो निकष आपल्याकडच्या वॉर्डातही तितकाच खरा आहे. घरी आजीजवळ ठेवलेली धाकटी, शाळा सोडून म्हशी सांभाळणारा मोठा, यांच्या पोटात काय चाललंय? 'माझ्यामुळं झालं का?', 'मलाही होईल का?', 'माझ्याकडं कुणी का बघत नाही?' हे प्रश्न त्यांना पडतात आणि असा प्रश्न पडल्याचीही त्यांना शरम वाटते. आणखी एक गोष्ट मी पाहिली. वॉर्डात मुलगे जास्त होते, मुली कमी. आपल्या देशात मुलींच्या मानानं मुलगे जास्त संख्येनं उपचाराला पोहोचतात, हे अभ्यासांनीही दाखवलं आहे. भैय्यानंच एकदा आबांना विचारलं, "अक्काला झालं असतं तर?" आबा म्हणाले, "तरी जमीन विकायला काढलीच असती." त्या उत्तरानं मला काय दिलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. हे उत्तर प्रत्येक घरातल्या मुलीला न विचारता मिळायला हवं.

पुढच्या वर्षी भैय्या दहावीला बसला. तोवर तो रोजच्या गोळ्यांवर आला होता. रात्री रिकाम्या पोटी एक गोळी, आठवड्याला दुसऱ्या गोळ्या, महिन्याला रक्ततपासणी. आपल्यासारख्या देशांत अनेक मुलं याही टप्प्यात उपचारातून गळतात, कारण पोर बरं दिसू लागतं, पेरणी आलेली असते आणि गाडीभाड्याला पैसे नसतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०३० पर्यंत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी किमान ६० टक्के वाचावीत असं उद्दिष्ट ठेवलं आहे. ते गाठायचं तर मोठ्या यंत्रांइतकीच गोळीची तारीख चुकू न देणारी घरातली माणसं लागतील. आमच्याकडं ती वही मी ठेवली. पण परीक्षेच्या आधी ती त्यानं माझ्याकडून मागून घेतली. "आता मी लिहीन. माझ्या गोळ्या आहेत," म्हणाला. त्याच्या ओठांवर पुन्हा मिसरूड आलं होतं, पहिल्यापेक्षा दाट.

त्याचं पंधरावं वर्ष त्याला पूर्ण परत मिळालं असं मी म्हणणार नाही. त्यातले कितीतरी दिवस सलाइनच्या थेंबांबरोबर गेले, ते गेलेच. मित्र एक इयत्ता पुढं गेले. पावसाळ्यात ताप आला की अजून घर एकदम गप्प होतं. पण त्याला कुणी तान्हा करून ठेवला नाही आणि म्हातारा होऊ दिला नाही. आज कुठल्याही दवाखान्याच्या व्हरांड्यात मांडीवर फाइल घेऊन बसलेली एखादी ताई, एखादा दादा दिसला तर मी थांबते. त्यांना विचारते, "तू जेवलास का? तुला कुणी सगळं खरं सांगितलंय का?" आणि जमलं तर एवढं सांगते. त्याला खरं सांग. त्याची लाज जप. त्याच्या मित्रांना आत येऊ दे. आणि तो चिडून भांडायला लागला तर आनंदानं भांड, कारण त्या घटकेला तो पेशंट नसतो, तुझा भाऊ असतो.